स्पीडोमीटरचा काटा हलेना? नवा सेन्सर आणण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

काटा बंद पडला की बहुतेक जण थेट नवा स्पीड सेन्सर आणतात. तो बसवला तरी काटा शून्यावरच. मग अख्खं मीटर बदलायची भाषा सुरू होते, आणि शेवटी सापडतो तो हिरवा गंज चढलेला कपलर (तारा जोडणारा प्लग) नाहीतर उडालेला फ्यूज. हे मी इतक्यांदा पाहिलंय, आणि एकदा स्वतःही केलंय, की कुणी "सेन्सर गेलाय बहुतेक" म्हणालं की मी आधी विचारतो, "कशावरून?"

चाक फिरतं, ते फिरणं काहीतरी मोजतं, मोजमाप केबलमधून किंवा तारांमधून मीटरपर्यंत येतं आणि मीटर काटा हलवतं. या वाटेवर निरोप कुठे अडला, हे कळेपर्यंत एकही भाग विकत घ्यायचा नाही. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावलाय. मधली पायरी गाळू नका. गाळलेल्या पायरीतच दोष सापडतो असा अनुभव आहे.

१. तुमच्या गाडीला वेग कळतो कसा, ते आधी बघा

तीन प्रकार आहेत आणि तिन्हींची तपासणी वेगळी आहे.

जुन्या पद्धतीत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक जाड काळी केबल येते. तिच्या आत पोलादी तार गरगर फिरते. मीटरमध्ये तिच्या टोकाला चुंबक असतं, ते ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढ लावतं आणि वाटीला जोडलेला काटा वर चढतो. इथे विजेचा संबंध नाही. मीटरमधले दिवे सोडले तर फ्यूज तपासून काही हाती लागणार नाही.

दुसऱ्या प्रकारात गिअरबॉक्सवर दोन किंवा तीन तारांचा सेन्सर असतो. तो विजेचे ठोके पाठवतो आणि मीटर ते मोजतं.

तिसऱ्या प्रकारात गिअरबॉक्सवर वेगळा स्पीड सेन्सर नसतोच. चाकांजवळचे एबीएसचे (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर वेग मोजतात, एबीएस युनिट तो कॅन नावाच्या दोन तारांच्या जाळ्यावर टाकतं आणि मीटर तिथून उचलतं. अशा गाडीखाली आडवं पडून, नसलेला सेन्सर तासभर शोधणारे लोक मला भेटलेत.

प्रकार ठरवताना गाडीच्या वयावर किंवा किलोमीटरच्या आकड्यांवर जाऊ नका. आकडे फिरत्या चकत्यांचे असले तरी त्यांना फिरवणारी छोटी विजेची मोटर असू शकते. गिअरबॉक्सवर टॉर्च मारून बघा, किंवा त्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल आणि वायरिंगचा नकाशा मिळवा. पुढे तारांचे रंग ओळखायला तो नकाशा लागणारच आहे.

२. तयारी

एक डिजिटल मल्टिमीटर, नकाशाची प्रत, टॉर्च, कॉन्टॅक्ट क्लीनर, डॅशचे पॅनेल उचकटायला प्लास्टिकची पट्टी, जॅक, किमान एक मजबूत स्टँड, चाकांखाली लावायला ओट आणि ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचणारं यंत्र. स्कॅनर महागडा नको, पण चालू गाडीचा वेग दाखवणारा हवा. एबीएसची गाडी असेल तर एबीएस युनिटशी बोलू शकणारा घ्या. साधे स्कॅनर फक्त इंजिनच्या दोषांचे कोड वाचतात.

काम सुरू करण्याआधी ओडोमीटरच्या (एकूण किलोमीटरच्या) आकड्याचा फोटो काढून ठेवा. प्रत्येक कपलर काढण्यापूर्वीही एक फोटो. तेव्हा कंटाळा येतो, पण जोडताना हेच फोटो वाचवतात.

सावधान: गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली जाऊ नका. सपाट, कडक जमीन, ओट आणि स्टँड, मगच हात आत. स्टिअरिंगजवळच्या पिवळ्या कपलरना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात. मीटर बाहेर काढायचं असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा.

आणखी एक. बल्बचा टेस्ट लॅम्प सेन्सरच्या किंवा कॅनच्या तारांना लावू नका. तो जास्त करंट खेचतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, दुखावू शकतो. त्या तारांवर मल्टिमीटरच.

३. लक्षणं लिहून काढा

निम्मं निदान इथेच होतं. सोबत कुणाला तरी बसवा, मोकळ्या रस्त्यावर सावकाश दहा मिनिटं चालवा आणि नोंदी त्याला करू द्या. वेगाच्या अंदाजासाठी फोनवरचं जीपीएस चालेल, मात्र फोन त्याच्या हातात असू दे. जीपीएसचा आकडा वेग बदलताना थोडा मागे राहतो, हे लक्षात असू द्या.

किलोमीटर मोजले जातात पण काटा हलत नाही: निरोप मीटरपर्यंत पोचतोय, दोष मीटरमध्येच. काटा आणि किलोमीटर दोन्ही बंद: दोष बहुधा मीटरच्या अलीकडे. काट्यासोबत इंधन आणि तापमानाचे काटेही मेले: वेगाशी संबंध नाही, मीटरचा वीजपुरवठा किंवा अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी) बघा. एबीएसचा दिवा लागलाय: थेट पायरी ८ मनात ठेवा. क्रूझ कंट्रोल चालत नाही किंवा ऑटोमॅटिक गिअर धक्के देत बदलतो: गाडीच्या बाकी भागांनाही वेग कळत नाहीये, म्हणून संशय मीटरवरून सेन्सरकडे वळवा. काटा थरथरतो किंवा उड्या मारतो: केबलच्या गाडीत केबल कोरडी किंवा मुडपलेली, इतर गाड्यांत सैल पिन.

शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा: काटा बंद पडण्याआधी गाडीवर काय काम झालं होतं? क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक, चाकाचं बेअरिंग, म्युझिक सिस्टीम, बॅटरी? माझ्या गाडीचा क्लच बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी काटा बंद झाला होता. मी शहाण्यासारखा सेन्सर आणला, बसवायला खाली गेलो, तर जुन्या सेन्सरचा कपलर गिअरबॉक्सशेजारी लोंबकळत होता. कामानंतर तो कुणी जोडलाच नव्हता. नवा सेन्सर अजून कपाटात आहे.

४. फ्यूज, बॅटरी, अर्थ

केबलची गाडी असेल तर ही पायरी सोडून पायरी ६ वर जा.

नकाशात मीटरचा, ईसीयूचा आणि एबीएसचा फ्यूज शोधा. फ्यूज डोळ्यांनी बघून पास करू नका. केसाइतकी चीर दिसत नाही. इग्निशन ऑन करून फ्यूजच्या पाठीवरच्या दोन्ही टोकांवर व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे बॅटरीइतकं आलं पाहिजे. एकीकडेच आलं तर फ्यूज गेला.

सावधान: नवा फ्यूज त्याच अँपिअरचा. तोही उडाला तर कुठेतरी तार घासून शॉर्ट होतेय. मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद लावला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी तार जळेल.

बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट असावी. त्याहून बरीच खाली असेल तर आधी ती चार्ज करा, कारण कमी व्होल्टेजवर मीटर काहीही नखरे करतं. अर्थ तपासायला मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मीटरच्या अर्थच्या तारेला, इग्निशन आणि दिवे चालू. वाचन ०.१ व्होल्टच्या आत हवं. अर्थ ओहममध्ये मोजून समाधान मानणं ही नेहमीची चूक. एका धाग्यावर लटकलेली तारही ओहममध्ये ठणठणीत दिसते.

५. स्कॅनरने वाट दोन भागांत कापा

कोड वाचा, लिहून ठेवा, पण इतक्यात पुसू नका. पी०५०० म्हणजे ईसीयूला वेगाचा सिग्नल नीट मिळत नाही. पी०५०३ असेल तर सिग्नल अधूनमधून तुटतोय. "यू" ने सुरू होणारे कोड दोन युनिटांमधला संवाद तुटल्याचं सांगतात, उदाहरणार्थ यू०१२१ म्हणजे एबीएस युनिटशी, आणि यू०१५५ म्हणजे मीटरशी.

कोड म्हणजे निकाल नव्हे. पी०५०० वाचून सेन्सर मागवणारे विसरतात, की तुटलेली तार, सैल पिन, झिजलेला गिअर या सगळ्यांचा कोड तोच येतो.

आता मुख्य चाचणी. सोबत्याच्या हातात स्कॅनर द्या, चालू माहितीत वाहनाचा वेग उघडा आणि गाडी हळू चालवा.

स्कॅनरवर वेग दिसतो, काटा शून्यावर: चाकाकडची बाजू बहुधा ठीक आहे. पायरी ९.
स्कॅनरवरही शून्य: दोष सेन्सर, त्याच्या तारा किंवा गिअर यांत. सेन्सरची गाडी असेल तर पायरी ७, एबीएसची असेल तर पायरी ८.

थोडी शंका मनात ठेवा. काही गाड्यांत ईसीयूला आणि मीटरला वेग वेगवेगळ्या तारांनी जातो. तिथे स्कॅनर बरोबर दाखवतो आणि मीटरकडे जाणारी तार मात्र तुटलेली असते.

६. केबलची गाडी

मीटरच्या मागचं केबलचं टोक सोडवा. कुठे ते कड्याने फिरवायचं असतं, कुठे प्लास्टिकची खुटी दाबून ओढायचं. आतली तार हळूच ओढून बघा. तुटलेली असेल तर अर्धीच हातात येईल. उरलेला तुकडा गिअरबॉक्सकडून काढावा लागेल.

तार अखंड असेल तर ती परत आत सरकवा आणि एक चालतं चाक, म्हणजे इंजिन ज्याला फिरवतं ते, जॅकने उचला. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हाताने फिरवा. मीटरकडच्या टोकाशी बसलेल्या सोबत्याला तार फिरताना दिसली पाहिजे.

इथे लोक हमखास फसतात. एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. दोन्ही चालती चाकं हवेत असली तर तुम्ही एक फिरवता तेव्हा डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) दुसरं उलटं फिरतं आणि गिअरबॉक्सचा बाहेर येणारा शाफ्ट जागचा हलत नाही. मग चांगली केबलही मेलेली वाटते. मागची चाकं चालती असतील तर हँडब्रेकमुळे उचललेलं चाक फिरणारच नाही. हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट घट्ट हवेत. इंजिन चालू करून गिअरमध्ये चाक फिरवण्याचा मोह टाळा, गाडी स्टँडवरून उडी मारू शकते.

तार फिरली तर दोष मीटरमध्ये. नाही फिरली तर गिअरबॉक्सकडचं टोक सोडवा आणि तिथला छोटा प्लास्टिकचा गिअर बाहेर काढून दात बघा. दात गुळगुळीत झाले असतील तर नवा गिअर तितक्याच दातांचा घ्या. एखादा दात कमी-जास्त झाला तरी काटा खोटं बोलायला लागतो.

केबल तुटलेली सापडली की आनंद होतो आणि लोक तिथेच थांबतात. थांबू नका. ती का तुटली? मीटरच्या मागच्या चौकोनी भोकात बारीक स्क्रूड्रायव्हर घालून बोटाने फिरवा. हलकं फिरलं पाहिजे. अडखळत असेल तर मीटरनेच केबल तोडलीय आणि नवीही तेच तोडेल. कुठेच जाम नसेल, तर जुन्या केबलचा मार्ग बघा. कुठेतरी तीव्र वळण किंवा दबलेली जागा सापडेल.

नवी केबल बसवताना:

आतल्या तारेला केबलचं ग्रीस पातळ थरात लावा, मात्र मीटरकडची वीतभर तार कोरडी ठेवा. फिरता फिरता ग्रीस वर चढतं आणि चुंबकाच्या वाटीत शिरलं की काटा चिकटतो. जुन्या केबलमधून गिअरबॉक्सचं ऑइल वर आलेलं दिसलं तर खालचं सीलही बदला.

चौकोनी टोक खाचेत बसलंय याची खात्री झाल्यावरच कडं आवळा, तेही बोटांनी. टोक बसलं नसताना पान्याने कडं आवळलं की तार आत मुडपते. काम झाल्या झाल्या काटा चालतो आणि आठवड्याने थरथरायला लागतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

इथे तपासा: उचललेलं चाक जोरात फिरवल्यावर काटा थोडा तरी जागचा उठतो का? मगच डॅश बंद करा.

७. गिअरबॉक्सवरचा सेन्सर

आधी कपलर. तो काढा, पिनांवर हिरवट-पांढरा थर, ऑइल किंवा आत ढकलली गेलेली पिन आहे का बघा. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, वाळू द्या, जोडा आणि एक फेरी मारून या. निम्म्या वेळा काम इथेच संपतं, म्हणून ही पायरी टाळून मल्टिमीटर काढू नका.

तीन तारांचा सेन्सर हॉल प्रकारचा (चुंबकाच्या प्रभावाने सिग्नल चालू-बंद करणारा) असतो: एक तार पुरवठा, एक अर्थ, एक सिग्नल. कपलर काढून, इग्निशन ऑन ठेवून, गाडीकडच्या बाजूला मोजा. पुरवठ्यावर नकाशात लिहिलेलं ५ किंवा १२ व्होल्ट आणि अर्थवर शून्य मिळायला हवं. पुष्कळ गाड्यांत सिग्नलच्या तारेवरही मीटरकडून किंवा ईसीयूकडून व्होल्टेज आलेलं असतं. पुरवठा किंवा अर्थ नसेल तर सेन्सरला दोष देऊ नका; आधी तार शोधा.

तिन्ही ठीक असतील तर कपलर जोडा, मागून बारीक पिन घालून सिग्नलच्या तारेवर मल्टिमीटर लावा आणि पायरी ६ प्रमाणे एकच चाक उचलून अगदी सावकाश फिरवा. आकडा शून्याजवळ आणि वरच्या व्होल्टेजवर आलटून पालटून उडी मारायला पाहिजे. जोरात फिरवलं तर मल्टिमीटर मधलाच सरासरी आकडा दाखवतो आणि तुम्हाला वाटतं सेन्सर अडकलाय.

दोन तारांचा सेन्सर स्वतःच वीज तयार करतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि चाक शक्य तितकं वेगाने फिरवा. वेगाबरोबर आकडा वाढायला हवा. सावकाश फिरवून काहीच दिसलं नाही, तर तो सेन्सरचा दोष मानू नका.

सिग्नल नाही, पुरवठा आहे: सेन्सर बाहेर काढा. त्याला प्लास्टिकचा गिअर असेल तर तो बघा. सेन्सर चांगला आणि गिअर फुटलेला, असं खूपदा निघतं. चुंबकाचा सेन्सर असेल तर टोकावर लोखंडाचा कीस चिकटलेला असतो, तो पुसा. जास्त कीस दिसला तर गिअरबॉक्सचं ऑइल बदलायची वेळ आलीय.

८. एबीएसमधून वेग येणारी गाडी

इथे मल्टिमीटरपेक्षा स्कॅनर कामाचा. एबीएस युनिटमध्ये चारही चाकांचा वेग एकत्र उघडा आणि सरळ रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या आसपास चालवा. चारही आकडे जवळजवळ सारखे हवेत. एखादं शून्यावर असेल किंवा मध्येच शून्यावर पडत असेल तर तेच चाक. काही गाड्यांत एक चाक गेलं तरी काटा थांबतो, काहींत उरलेल्या तिघांवर चालत राहतो. म्हणून "एका सेन्सरने काटा कसा बंद पडेल?" असा वाद घालत बसू नका.

त्या चाकाजवळ जाऊन तार बघा. स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या पुढच्या चाकांची तार सारखी वाकते आणि आवरण शाबूत असताना आतून तुटते. सेन्सरच्या टोकावर चिखल किंवा गंज नाही ना, तो जागेवर पूर्ण बसलाय ना, सेन्सरसमोर फिरणारं दातेरी कडं फुटलं नाही ना, ते पाहा.

सावधान: नव्या गाड्यांतले चाकाचे सेन्सर दोन तारांचे असले तरी आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. त्यांना ओहममध्ये मोजून काही कळत नाही, उलट नुकसान होऊ शकतं. ओहमची चाचणी जुन्या, फक्त गुंडाळीच्या सेन्सरसाठी.

चाकाचं बेअरिंग नुकतंच बदललं असेल तर माझा पहिला संशय त्याच्यावर. पुष्कळ बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय कडं असतं आणि सेन्सर ते वाचतो. बेअरिंग उलटं दाबलं गेलं की चाक उत्तम फिरतं, आवाज नाही, काही नाही, फक्त त्या चाकाचा वेग कायमचा शून्य. दोन्ही बाजू डोळ्यांना जवळजवळ सारख्या दिसतात. दाबण्याआधी हलकी टाचणी टेकवून बघा. चुंबकीय बाजू तिला अलगद ओढते. त्या बाजूजवळ दुसरं चुंबक नेऊ नका.

चारही चाकं ठीक आणि संवादाचे "यू" कोड आहेत, तर कॅनच्या तारा मोजा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, काही मिनिटं थांबा आणि ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम बघा. साधारण ६० आले तर जाळं शाबूत. १२० आले तर एका टोकाचा रोध तुटलाय किंवा तार कुठेतरी कापली गेलीय. शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना टेकल्यात. मध्ये गेटवे (वेगवेगळी जाळी जोडणारं युनिट) असलेल्या गाड्यांत हे आकडे वेगळे येतात, तिथे नकाशावरच विश्वास ठेवा.

९. मीटर

इथवर सगळं ठीक निघालं तरच मीटर उघडायचं. आधी त्याची स्वतःची चाचणी चालवा. बऱ्याच मीटरांत ट्रिपचं बटण दाबून धरून इग्निशन ऑन केलं की काटे टोकापर्यंत जाऊन परत येतात. तुमच्या गाडीची पद्धत मॅन्युअलमध्ये बघा. काटा पूर्ण फिरला तर मोटर चांगली आहे, दोष मीटरमागच्या कपलरमध्ये किंवा तारेत. बाकीचे फिरले आणि हाच थिजला, तर काटा हलवणारी त्याची स्टेपर मोटर किंवा तिचे सोल्डरचे टाके.

डॅशवर थाप मारली की काटा जिवंत होत असेल तर मीटरमागच्या सॉकेटचे टाके तडकलेत असं समजा. नीट हात असेल तर ते पुन्हा लावता येतात. काटा बोटाने ढकलून मोकळा करायला जाऊ नका. तो शाफ्टवर सरकला की शून्य कायमचं चुकतं.

दुसऱ्या गाडीचं मीटर बसवायचं असेल तर आधी ते त्या गाडीशी प्रोग्रॅम करावं लागेल का आणि ओडोमीटरचा आकडा काय दिसेल, हे विचारून घ्या. आकडा मागे नेणं अनेक देशांत गुन्हा आहे. सुरुवातीला काढलेला फोटो आणि मीटर बदलल्याची लेखी नोंद गाडीच्या कागदांत ठेवा.

१०. जोडणी आणि पडताळणी

आता कोड पुसा, पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा आणि पुन्हा वाचा. तोच कोड परत आला तर दुरुस्ती झालेली नाही, काटा तात्पुरता हलतोय.

मग काट्याची खरी परीक्षा. सपाट, सरळ रस्त्यावर स्थिर वेगात जीपीएसशी ताडून बघा, आकडे सोबत्याने वाचायचे. दोन्ही आकडे तंतोतंत जुळायची अपेक्षा धरू नका. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर इथपर्यंत चालतं. म्हणजे खरा वेग ८० असताना मीटरवर ८० ते ९२ दिसलं तर नियमात बसतं. ७८ दिसलं तर मात्र नाही. तेव्हा टायरचं माप बघा: कारखान्याच्या मापापेक्षा मोठे टायर लावले असतील तर काटा मागे पडतो, आणि त्यात ना सेन्सरचा दोष असतो ना मीटरचा.